न्यायाधीशांनी बघायचा नव्हता तो कागद

केजच्या कोर्टात मी वीस वर्षं वकिली करते आहे आणि माझं एकही वादपत्र दारातून परत गेलेलं नाही. हे मीच सांगते, कारण बाररूममधलं दुसरं कुणी सांगणार नाही. तिथे कौतुक करायची पद्धत नाही. फार तर एखादा म्हणतो, "मॅडमचा ड्राफ्ट बरा असतो," आणि लगेच चहा सांगायला उठतो.

दारातून परत जाणं म्हणजे काय, ते आधी सांगते. कुणी दिवाणी दावा लावला की समोरच्याला एक अर्ज करता येतो. साहेब, साक्षीपुरावे राहू द्या, हा दावा मुळात चालण्यासारखाच नाही, आत्ताच फेटाळा. आम्ही त्याला नुसतं 'सात-अकरा' म्हणतो, कारण कायद्याच्या पुस्तकात तो सातव्या ऑर्डरच्या अकराव्या नियमात आहे. कारणं ठरलेली असतात. दाव्याला कारणच घडलं नाही, मुदत उलटून गेली, कायद्यानेच असा दावा बंद आहे, कोर्ट फी कमी भरली. आणि हे ठरवताना न्यायाधीशांनी बघायचं काय, तर वादी म्हणजे दावा लावणाऱ्याने लिहिलेलं वादपत्र, आणि तो ज्यांच्या जोरावर आलाय ते त्याचे कागद. बस. समोरच्याचं म्हणणं नाही, त्याने पिशवीतून आणलेले पुरावे नाहीत. वादीने जे लिहिलंय ते तेवढ्यापुरतं खरं धरायचं. परीक्षेला बसू द्यायचं की नाही हे हॉल तिकिटावरून ठरतं, पेपर तपासून नाही, तसंच हे.

त्यामुळे सगळा खेळ वादपत्र लिहिणाऱ्याच्या हातात असतो. आणि लिहिण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते.

तर दिवाळी नुकतीच झाली होती, तेव्हा एक बाई माझ्या ऑफिसात आली. चाळिशीची असेल. सासर शिरूर कासारकडचं, माहेर केज तालुक्यातलं. जमीन इथली म्हणून दावा इथे. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जाणारे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या टोळीचा ट्रक निघणार होता आणि मग एप्रिलपर्यंत ती काही परत येणार नव्हती. बीडला एस्टी बदलून, पुढे जीपमध्ये कोंबून घेऊन ती आली होती. पाणी दिलं तर उभ्यानेच प्यायली.

"नाव न्हाई माजं," ती म्हणाली.

मागच्या उन्हाळ्यात ती शेतकरी ओळखपत्र काढायला गेली, तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की तुमच्या नावावर एक गुंठाही नाही. वडील वारले तेव्हा वारस म्हणून तिचं नाव सातबाऱ्याला लागलं होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. आता ते गायब होतं. आई-वडील दोघंही गेलेले, आणि एकच भाऊ, धाकटा.

"जमीन किती तुकडे?"

"दोन गट. येक माळ, येक हिरीचं रान."

"कधी कुठल्या कागदावर अंगठा दिला होता?"

"दिलता. आठ सालं झाली. रजिस्टर हापिसात. पर त्येचं असं हाय..."

"कळलं," मी म्हणाले आणि हात वर केला.

मला खरंच कळलं होतं, असं मला वाटलं. आमच्याकडे बहिणीचा हक्क दोनच वाटांनी जातो. एक तर भाऊबीजेच्या साडीचोळीवर, नाहीतर वारस नोंदीचा कागद आहे असं सांगून. दुसऱ्या वाटेसाठी माझं एक वाक्य तयार होतं: 'प्रतिवादीने वारस नोंदीसाठी आवश्यक असल्याचे खोटे सांगून, वादीच्या अशिक्षितपणाचा गैरफायदा घेऊन, काही कागदांवर तिचा अंगठा घेतला व त्यातील मजकूर तिला वाचून दाखविला नाही.' या वाक्याचा मला अभिमान होता. 'काही कागदांवर' यातला मोघमपणा मुद्दाम ठेवलेला होता. कोर्टासमोर बसणारे आमचे म्हातारे टंकलेखक मला येताना बघूनच विचारायचे, "मॅडम, बहिणीचा का?" आणि वाक्य कॉम्प्युटरातून काढून ठेवायचे.

दुपारपर्यंत वादपत्र तयार झालं. तिची एस्टी चार वाजता होती. मी जिथे दाखवलं तिथे तिने अंगठा दिला, मी सह्या केल्या, आणि ती पदर खोचून स्टँडकडे पळाली.

भावाने वकील दिला तो केजमधला सगळ्यात जुना. मी काळा कोट घातला तेव्हाच त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी पहिल्याच तारखेला सात-अकराचा अर्ज टाकला आणि सोबत नोंदणीकृत हक्कसोडपत्र जोडलं. बहिणीचा फोटो, बहिणीचा अंगठा, रजिस्ट्रारचा शिक्का. मला प्रत मिळाली, मी चाळली. पहिल्या पानावर नेहमीचाच मजकूर होता, राजीखुशीने हक्क सोडत आहे वगैरे. पुढची पानं उलटायची मला गरज वाटली नाही. जो कागद साहेबांनी बघायचाच नाही, तो मी तरी कशाला बघू?

सुनावणी डिसेंबरात झाली. न्यायाधीश तरुण, नुकतेच बदलून आलेले, स्वतःच्या हाताने टिपणं काढणारे. जुने वकील खास त्यांच्या ठेक्यात बोलले, "साहेब, वादीबाई ज्या कागदाचं नाव घ्यायला लाजतात, तो कागद हा घ्या. हक्क सोडून दिलेल्या माणसाला वाटणी मागायचं कारणच उरत नाही." आणि त्यांनी तो पुढे केला.

मी उठले. त्या दिवशी मी चांगलं बोलले, हे आजही म्हणेन. मी म्हणाले, "सर, तो कागद खरा असेल नाहीतर खोटा असेल. आज त्याच्याकडे बघायचंच नाही. आज फक्त आम्ही काय लिहिलंय ते बघायचं आणि ते खरं धरायचं. आम्ही लिहिलंय की न वाचता अंगठा घेतला. हे खरं की नाही, ते पुराव्याच्या वेळी ठरेल. मुदतीचं म्हणाल तर नाव कमी झाल्याचं वादीला मागच्या उन्हाळ्यात कळलं, तेही आम्ही लिहिलंय. नाव कमी करण्याची नोटीस चावडीवर लागली ती पौष महिन्यात, आणि त्या वेळी वादी कारखान्याच्या फडात होती."

न्यायाधीशांनी हक्कसोडपत्र उलटं करून बाजूला सरकवलं. मला तेव्हाच निकाल कळला. आठवडाभरात आदेश आला आणि सात-अकराचा अर्ज फेटाळला गेला. मी तिला फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, माणसांचा गलका.

"आपला दावा टिकला."

"मंजी रान मिळालं?"

"अजून नाही. आता केस चालेल."

"बरं," ती म्हणाली, आणि कुणीतरी तिला हाक मारली.

एप्रिल सरताना ती आली. उन्हाने रापलेली, हाताला पट्टी बांधलेली. माझ्यासाठी काकवीची बाटली आणली होती. मी फुशारकीत होते. म्हटलं बसा, आदेश वाचून दाखवते, तुमच्या बाजूने काय काय लिहिलंय ते ऐका तरी. आणि मी मोठ्याने वाचायला लागले. 'वादीचे म्हणणे असे की, प्रतिवादीने खोटे सांगून, मजकूर वाचून न दाखविता तिचा अंगठा घेतला.'

"हे कोन म्हणलं?" तिने विचारलं.

"तुम्ही."

"मी कवा?"

मी वादपत्र काढून वाक्य दाखवलं, जणू तिला वाचता येत होतं. तिने त्या कागदाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"असं कुटं झालंतं, बाई? त्यानं वाचून दाखवलंतं मला. रजिस्टर हापिसाच्या भाईर, लिंबाखाली बसून. येकदा मला उमगलं न्हाई, म्हणून परत वाचलं. त्येच्यात माळ होता. माळ मी सोडला, खुशीनं सोडला. मायचं समदं त्यानंच केलं, मी तर कारखान्यावर. मंग माळ त्येला न्हाई तर कुणाला? हिरीचं रान म्या सोडलं न्हाई. त्यानं मागितलंबी नव्हतं. त्येच्यावरचं नाव कसं गेलं, येवढंच इचारायला आलते मी तुमच्याकडं."

मी वादपत्र मिटून टेबलावर ठेवलं.

"गावात समदे म्हणतेत, ह्यानं बहिणीचा अंगठा फसवून घेतला," ती म्हणाली. "मला वाटलं, लोकं उगंच बोलतेत. हे तर मीच म्हणलेलं हाय व्हय?" आणि थोडं थांबून, "कामून लिव्हलं असं? तुमी मला कुटं वाचून दाखवलं?"

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. पण तिने हे अगदी साधेपणाने विचारलं, बस किती वाजता आहे असं विचारावं तसं. वादपत्राच्या शेवटी, तिच्या अंगठ्याच्या खाली, एक ओळ छापलेली असते: 'वरील मजकूर वादीस वाचून दाखविला व तो तिने खरा असल्याचे कबूल केले.' तिच्याखाली माझी सही होती. वीस वर्षांत अशा किती ओळींखाली मी सही केली असेल, आणि त्यातल्या किती खऱ्या असतील, हे मी त्या दिवशी मोजायला बसले नाही. मला लाज वाटली. भावाने दोनदा वाचलं होतं आणि मी एकदाही नाही.

ती बसलेली असतानाच मी हक्कसोडपत्राची प्रत काढली आणि यावेळी शेवटपर्यंत वाचली. मागच्या पानावर जमिनीचं वर्णन होतं. एकच गट नंबर, माळाचा. सातबाऱ्यावरून नाव मात्र दोन्ही गटांतून कमी झालं होतं. नाव कमी करायला भावाने तलाठ्याकडे दिलेल्या अर्जात दोन्ही गट लिहिले होते आणि एका गटाचा कागद जोडला होता. गाव रिकामं असताना नोटीस चावडीवर लागली, मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, नोंद झाली. पाच महिने हे पान माझ्या कपाटात पडून होतं आणि मी त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून कोर्टात घसा फोडत होते.

आता प्रश्न असा की, खरं लिहायचं म्हटलं तर फसवणुकीचं वाक्य काढावं लागणार. ते काढलं की हक्कसोडपत्र आपणच मान्य केलं. मान्य केलं की ते आमच्या दाव्याचाच भाग झालं, आणि साहेबांना बघायला मोकळं. समोरचे पुन्हा सात-अकरा टाकणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि हक्क राजीखुशीने सोडला असं लिहिलेला कागद हातात घेऊन न्यायाधीशाने दावा दारातच परत पाठवला, तर माळ तर गेलाच, विहिरीचं रानही जाणार.

बाररूममध्ये माझ्या बरोबरीच्या एका वकिलाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "दावा जिवंत आहे ना? मग गप बसा की. पुराव्याच्या वेळी बघू." धंद्याच्या दृष्टीने सल्ला वाईट नव्हता. पण उलटतपासात त्या जुन्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला असता, बाई, भावाने कागद वाचून दाखवला होता का? आणि ती "व्हय, दोनदा" म्हणाली असती. ती दुसरं काही म्हणणारच नव्हती, हे मला आता पुरतं कळलं होतं. म्हणजे माझं वाक्य दारात कामाला आलं होतं आणि आत गेल्यावर तेच तिला बुडवणार होतं.

मी तिला सगळा धोका फोड करून सांगितला. म्हटलं, रान हातचं जाऊ शकतं.

"गेलं तर गेलं," ती म्हणाली. "पर त्यानं न केलेलं त्येच्या नावावर नगं."

दुरुस्त वादपत्र मी स्वतः लिहिलं, टंकलेखकांनी साठवून ठेवलेलं ते तयार वाक्य न वापरता. मग तिला समोर बसवून वाचलं. तासाभरापेक्षा जास्त वेळ गेला, कारण ती प्रत्येक ओळीला थांबवत होती. बापाचं नाव बरोबर आहे का, विहीर कुठल्या अंगाला. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'प्रतिवादीने अन्यायाने वादीचे नाव विहिरीच्या गटातून कमी करून घेतले.'

"'अन्यायानं' काडा," ती म्हणाली. "'न सांगता' लिवा."

"का? अन्यायच आहे ना?"

"अन्याय हाय का न्हाई, ते साहेब बगतील. न सांगता केलं, येवढं मला ठावं हाय."

वादपत्रात घडलेलं लिहायचं, आपलं मत नाही, हे कॉलेजात आम्हाला वर्षभर शिकवलं होतं. मी 'अन्यायाने' खोडलं.

दुरुस्तीच्या अर्जावर न्यायाधीशांनी मला थेटच विचारलं, "मॅडम, मागच्या वेळी हेच वाक्य खरं धरून मी आदेश दिला. आता तुम्हीच ते काढताय?"

"हो सर. ते माझं वाक्य होतं, वादीचं नव्हतं. मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. चूक माझी आहे."

जुने वकील चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. मान खाली घालायची मला सवय नाही, घातलीही नाही, पण कान तापले होते. न्यायाधीशांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. पुरावा अजून सुरू झाला नव्हता, म्हणून दुरुस्ती मंजूर झाली. यावेळी हक्कसोडपत्र मीच कागदांच्या यादीत पहिल्या नंबरला लावलं.

पंधरा दिवसांत दुसरा सात-अकरा आला. दसरा तोंडावर होता, टोळ्या निघायच्या होत्या, पण या तारखेला ती आली. मागच्या बाकावर एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला, टोपी हातात धरून, तिचा भाऊ. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. दोघांची हनुवटी एकसारखी होती.

जुने वकील खुशीत होते. "साहेब, आता तर वादीने स्वतःच कबूल केलंय. कागद वाचून दाखवला, समजला, अंगठा दिला. आता उरलं काय?"

मी म्हणाले, "सर, मागच्या वेळी मी म्हणाले होते की हा कागद बघू नका. आज म्हणते, बघा. फक्त शेवटचं पान बघा."

न्यायाधीशांनी पानं उलटली. शेवटच्या पानावर ते थांबले, पेनाने एक ओळ धरली, मग वर बघितलं. "वकीलसाहेब, यात विहिरीचा गट कुठे आहे?"

"साहेब, ते दोघा भावंडांत तोंडी ठरलं होतं."

"मग ते तुमचं म्हणणं झालं. तुमच्या कैफियतीत लिहा, पुराव्यात सिद्ध करा. या अर्जावर मला ते बघता येत नाही."

मला हसू आलं, पण दाबलं. माझंच हत्यार होतं ते. जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश झाला आणि अर्ज नामंजूर झाला. दावा चालणार होता, फक्त विहिरीच्या रानापुरता. माळ त्यातून गेला तो गेलाच.

बाहेर व्हरांड्यात मी तिला पुढची तारीख समजावून सांगत होते, तोच तिचा भाऊ आला. त्याचे वकील आत होते. मी सावध झाले. अशा वेळी पक्षकार एकमेकांना काहीबाही बोलतात आणि सगळी घडी विस्कटते.

"अक्का," तो म्हणाला, "मी वाचून दाखवलंतं, हे तू लिव्हलंस."

"दाखवलंतंस, म्हणून लिव्हलं."

त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आन् हिरीच्या रानाचं?"

"ते न्हवतं दाखवलं. तेबी लिव्हलंय."

त्याने टोपी डोक्यावर घातली. मी उत्तराची वाट बघत होते, कारण त्याने जे काही म्हटलं असतं ते मला पुढे कामाला आलं असतं. पण तो एवढंच म्हणाला, "चल. एस्टी सुटंल तुजी. स्टँडवर सोडतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मग ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी फाटकातून बाहेर पडताना तिने पडू नये म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.